वरचा सूर

४ मार्च

आलं! तिघांनी मिळून जिन्यातून वर आणलं. वळणावर भिंतीचा रंग खरवडला, शेजारीण बाहेर येऊन बघून गेली, आणि ह्यांनी दार उघडल्याउघडल्या विचारलं, "हे झोपणार कुठे?"

बुवांच्या स्टुडिओतला जुना सिंथ – सिंथेसायझर, विजेवर चालणारी पेटीच म्हणा. दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या, वर स्लायडरांची रांग, काही बटणांवरची अक्षरं बोटं लागून लागून पुसलेली. बुवांनी स्टुडिओ बंद केला. मी आणि ताई उभी हयात तिथे गायलो – कोरस, जाहिराती, कुणाच्या तरी मागचं 'आऽऽ'. हेडफोन गळ्यात अडकवून काचेपलीकडे बसलेला तो माणूस एकदाही आमच्यावर ओरडला नाही. बाकी सगळं सामान विकलं, हे नाही विकलं. "तुमच्या ताईसाठी ठेवलंय," म्हणाले. "माइक लागतो त्याला. बघा काही जमतं का."

काय जमायचं ते मला अजून कळलेलं नाही. पण एवढं कोण कुणासाठी करतं?

ताईने खोलीतून डोकं बाहेर काढलं, सिंथकडे बघितलं, आणि परत आत गेली.

६ मार्च

दिवाणखान्यात खिडकीखाली बसवला. ह्यांची आरामखुर्ची हलली, त्यामुळे घरात शीतयुद्ध.

ताईचं ऑपरेशन झाल्यापासून ती आमच्याकडे आहे, मागच्या खोलीत. गळ्यातली गाठ काढली, गाठ साधी निघाली, देवाचे उपकार. पण आवाजाची नस दुखावली. उरली ती कुजबुज. डॉक्टर म्हणतात, येईलही, नाहीही येणार, थांबा. ती थांबली. पण कुजबुजली की समोरचा पुढे वाकून "काय? काय म्हणालात?" करतो – दुकानदार, बँकवाला, परवा तर आमचे हेसुद्धा. तेव्हापासून तिने तेही बंद केलं. चहा हवा असला की कप दाखवते. नको असला की कप पालथा घालते.

ही ताई! जिच्या बडबडीत मला 'हो' म्हणायला जागा मिळायची नाही ती!

गाणं राहू दे बाजूला. तिने एकदा "भाजीत मीठ कमी आहे" म्हणावं, एवढं मला हवंय. मग वाटेल तेवढी नावं ठेव म्हणावं माझ्या स्वयंपाकाला.

८ मार्च

बुवांना फोन केला. अर्धा तास समजावत होते, न कंटाळता. यात एक जागा आहे – वोकोडर. आपण माइकमध्ये बोलायचं आणि बोटाने पट्टी दाबायची. यंत्र आपल्या बोलण्याचा फक्त साचा घेतं आणि त्यात पट्टीचा सूर ओततं. तीन पट्ट्या दाबल्या तर तेच वाक्य तीन सुरांत.

करून बघितलं. "एक, दोन, तीन" म्हणाले. आतून कुणीतरी टिनपाट राक्षस बोलला.

"बँकेतून फोन आल्यासारखं वाटतंय," हे म्हणाले.

११ मार्च

आज अचानक! घसा बसला होता म्हणून माइकमध्ये नुसतं पुटपुटले – आणि यंत्र गायलं! स्वच्छ! म्हणजे घशातला आवाज त्याला लागतच नाही. तोंडाचा आकार आणि थोडी हवा, बस. कुजबुज चालते!! बुवांना हेच सुचवायचं होतं. स्पष्ट बोलले नाहीत, जमलं नसतं तर आम्ही खट्टू झालो असतो म्हणून.

धावत ताईच्या खोलीत गेले. हाताला धरून ओढलं तिला. आली. मी पट्टी दाबली, ती माइकसमोर वाकली, काहीतरी पुटपुटली – आणि खोलीभर तो टिनपाट राक्षस. ताईने असं बघितलं माझ्याकडे, जणू मी तिला चारचौघांत नाचायला सांगितलं. खोलीत गेली. कडी लावली.

१२ मार्च

नाही म्हणजे नाही. जेवणही खोलीतच.

१५ मार्च

विचार करते आहे. तिचं काय चुकलं? उद्या मला कुणी सांगितलं की तुझा चेहरा गेला, हा घे पत्र्याचा मुखवटा, तर मी घालीन?

तिला तिचाच आवाज द्यायला हवा. निदान जवळपास जाणारा.

बुवांनी सिंथबरोबर कॅसेटचा खोका दिलाय. त्यात आमची पावडरची जाहिरात सापडली – नुसते आवाज, वाद्यं नाहीत. एका कानात वरचा सूर, दुसऱ्या कानात खालचा. वरचा ताईचा, खालचा माझा. कायमचं ठरलेलं. लहानपणी आईने ताईला वरचा दिला आणि मला म्हणाली, तू जरा खालून धर. मी धरला. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. वरच्याच्या आधाराने चालायला बरं असतं, पडायची भीती नाही.

पण त्या जाहिरातीतला वरचा सूर! तेव्हा रस्त्यात लोक थांबवायचे – "त्या पावडरच्या ताई ना तुम्ही?" ताई मान डोलवायची आणि मी बाजूला उभी राहून फुलायचे. आज हेडफोन लावून ऐकला आणि तसंच झालं. इतकी वर्षं झाली तरी तो सूर जुना झालेला नाही.

१६ मार्च

त्या रेकॉर्डिंगची गंमत आठवली. सगळे वादक येऊन बसलेले आणि ताईचा पत्ता नाही. बस चुकली होती तिची. बुवा म्हणाले, तोवर वादकांना जागा कळू देत, तुम्ही वरचं कच्चं गाऊन ठेवा. मी गाऊन दिलं कसंबसं, एक डोळा दारावर. मग ताई आली ती घामाघूम, पाणीसुद्धा न पिता माइकसमोर उभी राहिली आणि पूर्ण ओळ एका दमात गाऊन मोकळी! वादकांनी टाळ्या वाजवल्या. तिचा दम म्हणजे दम. मी मग निवांत खालचं गायले आणि बाहेर येऊन दोघींनी सामोसा अर्धा अर्धा खाल्ला.

१९ मार्च

नाकी नऊ आले!

कुजबुज यंत्राला नीट ऐकू जावी म्हणून माइकचा स्लायडर वर नेला. तर पंखा गायला लागला. खरंच – पट्टी दाबली की पंखा त्या सुरात घरघरतो. पंखा बंद केला. मग स्वयंपाकघरातला नळ – टप् म्हटलं की 'सा'. नळ घट्ट केला. मग कपडे धुण्याचं मशीन. ह्यांना तेवढ्यात शिंक आली आणि ती तीन सुरांत आली. अशी भरगच्च शिंक मी जन्मात ऐकली नव्हती. आम्ही दोघं हसून हसून लोळलो.

ताईच्या खोलीचं दार किलकिलं झाल्यासारखं वाटलं. मी बघितलं नाही. मुद्दाम.

शेवटी माइक ओठांना अगदी चिकटवला, स्लायडर खाली आणला. पंख्याचं गाणं थांबलं.

२३ मार्च

आता आवाज हळूहळू माणसात येतोय. करते असं – एका कानात हेडफोनमधून कॅसेट, दुसरा कान खोलीत वाजणाऱ्या सिंथला उघडा. पहिल्यांदा धार कमी केली. वरच्या बाजूचा तो पत्रा गेला, थोडं लाकूड आलं. कंप ठेवलाय, पण सुराबरोबर लगेच नाही. सूर लागून स्थिरावला की मग. ताई तशीच गाते. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना किंचित घसरण, तेवढीच, जास्त केली की विनोदी वाटतं. आवाज दुप्पट करणारं एक बटण आहे, ते लावलं की एका बाईच्या दोन होतात. ते बंदच ठेवलं. एको अगदी चिमूटभर.

आणि तो श्वास. शेवटच्या उंच सुराआधी कॅसेटवर एक छोटासा श्वास आहे, घाबरल्यासारखा, आणि मग सूर येतो तो उजळून. सगळी जाहिरात त्या एका श्वासावर उभी आहे. तो कसा आणायचा? दोन दिवस डोकं खाल्लं. मग सापडलं – तिथे बोट पट्टीवरून जरासं उचलायचं आणि हवेचा स्लायडर वर ठेवायचा. सूर थांबतो, नुसती हवा ऐकू येते, आणि मग सूर!

अंगावर काटा आला माझ्या.

एकच भानगड. बोटं वरच्या ओळीला लावली की आपोआप खाली घसरतात. इतकी वर्षं खालून धरलं ना. पुन्हा पुन्हा पकडून आणावी लागतात.

या सिंथला आठवण नाही. बंद केला तरी स्लायडर जिथे आहेत तिथे राहतात, पण कुणी हलवला की गेलं. म्हणून प्रत्येक स्लायडरच्या जागेवर नेलपॉलिशचा ठिपका दिलाय. लाल.

२४ मार्च

ताई दारात उभी होती. मी वळले तशी गेली.

२८ मार्च

माझ्या नवऱ्याने माझ्या मेहनतीवर पाणी फिरवलं.

मी बाजारातून आले तर सिंथ लखलखतोय. "किती धूळ होती!" हे खुशीत. "आणि लाल लाल डाग पडले होते ठिकठिकाणी, ते पण काढले. तुझंच ते नेलपॉलिश काढायचं औषध वापरलं." स्लायडर सगळे ओळीने खाली, शाळेत प्रार्थनेला उभे केल्यासारखे.

जन्मभर चष्म्याचं दुकान चालवलेला माणूस. डाग दिसला की हात शिवशिवतात.

मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. जाऊन बाल्कनीत बसले. हे दोनदा दारापर्यंत येऊन परत गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा म्हणाले, "मला वाटलं तुला मदत होईल गं." आणि मला त्यांचा रागही धरता येईना.

२९ मार्च

हात जोडले मी आज. यंत्राला, ह्यांना, त्या नेलपॉलिशच्या औषधाला, सगळ्यांना!

सकाळी पुन्हा पहिल्यापासून बसले. कानावर विश्वास उरला नव्हता, धार किती होती तेच आठवेना. आणि बाजूला खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ताई! येऊन बसली. हेडफोनची एक बाजू ओढून स्वतःच्या कानाला लावली. मी स्लायडर सरकवत गेले आणि तिने बोट वर केलं – अजून. वर. मग तळहात – थांब. मग बोट खाली, अगदी एवढंसं.

तिला सगळं ऐकू येत होतं त्या बंद दाराआड. सगळं पाठ होतं तिला! माझ्यापेक्षा जास्त.

जेवायची वेळ टळून गेली. ह्यांनी पोळी-भाजीचं ताट आणून सिंथवर ठेवायला घेतलं, आम्ही दोघींनी एकदम हात आडवे केले. मग उभ्याउभ्याच भरवलं आम्हाला त्यांनी, आलटून पालटून.

२ एप्रिल

रोज बसतो. ताई कडक मास्तरीण आहे. मी कंप लवकर आणला की गुडघ्यावर चापट. पण हसतेही – आवाज नाही, नुसते खांदे हलतात. मी कॅसेट लावून "बघ, काय सूर आहे तुझा!" म्हटलं की जास्तच हलतात. लाजते वाटतं. तिला स्तुती आवडायची, आता लाजते.

त्या श्वासापाशी मात्र ती थांबवते. मागे घे, अशी खूण. पुन्हा. मागे घे. आज किती वेळा ऐकला असेल. ऐकता ऐकता माझ्याकडे बघत होती, कॅसेटकडे नाही. मी विचारलं, "जमला नाही का नीट?" तिने माझ्या गालावरून हात फिरवला.

५ एप्रिल

बोलली! बोलली! बोलली!

आज सकाळी मी पट्टी दाबून धरली होती, एको बघत होते. तिने माइक जवळ ओढला आणि – "चहा."

एवढंच. मऊ, भरलेला, बाईमाणसाचा आवाज. पत्र्याचा नाही. त्या आवाजात "चहा."

हे स्वयंपाकघराकडे धावले ते चप्पल उलटी घालून. इतक्या घाईने चहा या घरात झाला नसेल. कप आणून तिच्यासमोर धरला. ताईने घोट घेतला. मी पट्टी सोडली नव्हती, सोडायची हिंमतच नव्हती. ती माइकमध्ये म्हणाली, "साखर जास्त झाली."

ह्यांनी डोळे पुसले. "झालीच आहे," म्हणाले. "झालीच आहे गं."

आज दुसरं काही लिहायचं नाही. मला जे मागायचं होतं ते मिळालं.

८ एप्रिल

डॉक्टरांकडे जाऊन आलो. नळी घालून बघितलं. नस काही हललेली नाही. "आता थांबण्यात अर्थ नाही," म्हणाले, पण हळुवार म्हणाले, खुर्ची जवळ ओढून घेऊन. चांगला माणूस. मला वाटलं ताई कोसळेल. ती शांत. बाहेर बाकावर बसलो तेव्हा माझ्या कानाशी येऊन पुटपुटली, यंत्राशिवाय, कितीतरी महिन्यांनी – "घरी आहे ना आपला आवाज." मला एका फटक्यात ऐकू आलं. "काय? काय?" करावं लागलं नाही.

'आपला' म्हणाली. यंत्राला आपलं म्हणते, मला बरं वाटलं.

आता हाच तिचा आवाज. तेव्हा तो नेमका असायला हवा. उरलेला पत्राही काढायचा.

१२ एप्रिल

बुवा आले! स्टुडिओबाहेर पहिल्यांदाच बघितलं त्यांना. हेडफोनशिवाय मान बारीक दिसते.

आम्ही पावडरची जाहिरात ऐकवली. ताई माइकसमोर, मी पट्ट्यांवर. उजव्या हाताने वरची ओळ, डाव्याने खालची, आणि ताईच्या ओठांतून दोन्ही. श्वासाच्या जागी बोट उचललं – हवा – आणि मग तो सूर. बोटं घसरली नाहीत! ह्यांनी जागच्या जागी "वा!" केलं.

बुवा डोळे मिटून बसले होते. काचेपलीकडे बसायचे तसेच. मग म्हणाले, "हुबेहूब. एक केस इकडे तिकडे नाही." मी म्हटलं, तुमचे उपकार कसे फेडू? तर म्हणाले, "मी काय केलं, पेटी पाठवली." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही स्वतः आता गात नाही का?" मी म्हटलं, ताईशिवाय खालचं कुणाखाली गाऊ? सगळे हसले. ताई हसली नाही.

जाताना जिन्यात बुवांनी ताईला काहीतरी विचारलं, तिने मान हलवली. विचारीन तिला उद्या.

या घरात आज इतका आनंद आहे की शेजारणीलाही बोलावून चहा दिला. साखर बेताची.

१३ एप्रिल

सकाळी ताईने स्वतः सिंथ चालू केला. मला खुर्चीत बसवलं, माझं बोट पट्टीवर ठेवलं आणि माइकमध्ये म्हणाली, "कॅसेटवरचा वरचा सूर माझा नाही. मी मधे श्वास घेतलाच नव्हता. तो घाबरलेला श्वास तुझा. बुवांनी तुझं कच्चंच ठेवलं. मलाही आत्ता, ऐकून ऐकून कळलं."

बुवांना फोन केला. "हो मग," ते म्हणाले. "ताईंचं बिनचूक होतं, पण तुमचं चांगलं होतं. तुम्हाला माहीत नव्हतं? काल ताईंना तेच विचारलं मी."

तिला तिचा आवाज द्यायला बसले होते आणि दिला माझा! मी सगळे स्लायडर खाली ओढायला हात घातला, पुन्हा पहिल्यापासून करू म्हणून. ताईने मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताने स्वतःच पट्टी दाबली.

"राहू दे," ती माझ्या आवाजात म्हणाली. "मला हाच हवाय."